आयटीचे कोर्स चालवणाऱ्या संस्थांना खुले पत्र: आधी काम दाखवा, मग परीक्षेचं नाव सांगा

आयटी प्रशिक्षण संस्थांचे चालक, प्रशिक्षक आणि प्रवेशाच्या टेबलावर बसणारे काउन्सेलर यांस,

स.न.वि.वि.

नुकती पदवी घेतलेला किंवा दुसऱ्या क्षेत्रातून आयटीत येऊ पाहणारा माणूस तुमच्या दारात येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणता कोर्स केला की नोकरी लागेल?’ आणि बऱ्याच ठिकाणी त्याला मिळणारं उत्तर म्हणजे ज्या बॅचमध्ये जागा शिल्लक आहेत त्या कोर्सचं नाव. आम्ही नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड आणि सपोर्टच्या कामातली मंडळी आहोत. तुमच्याकडून बाहेर पडलेल्या उमेदवारांच्या मुलाखती आम्ही घेतो, त्यांना कामाला लावतो. हे पत्र त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे. तिथे दिशा चुकली तर वर्ष जातं, फी जाते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे आपल्या डोक्याचं कामच नाही, असं त्या माणसाला वाटू लागतं.

उत्तर देण्याआधी त्यालाच विचारायला हवं, की दिवसभर काय करायला आवडेल? त्याला ते सांगता येणार नाही, कारण आयटीतलं काम त्याने पाहिलेलंच नसतं. ते दाखवायला अर्धा तास पुरतो. सपोर्ट डेस्कवरचा दिवस माणसांशी बोलण्यात जातो. कुणाचं खातं लॉक झालंय, कुणाचा प्रिंटर ऑफलाइन दिसतोय, कुणाचं घरून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, चालत नाही. समोरचा वैतागलेला असतो. नेमकं काय घडलं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, दुरुस्ती करायची आणि तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, असं लिहायचं की पुढच्या शिफ्टमधल्याला पुन्हा विचारावं लागू नये. नेटवर्कवाल्याचे मोठे बदल रात्रीच्या मेंटेनन्स विंडोत, म्हणजे अशा कामासाठी राखून ठेवलेल्या वेळेत, होतात आणि सकाळी सगळे कामावर यायच्या आत ते एक तर चालू लागतात किंवा मागे घ्यावे लागतात. लिनक्स सांभाळणारा तासन्‌तास टर्मिनलवर लॉग वाचतो. टेस्टरला एकच पायरी वीसाव्या वेळीही पहिल्याइतक्या लक्षाने करावी लागते, आणि सापडलेला दोष असा मांडावा लागतो की डेव्हलपरला तो स्वतःच्या मशीनवर घडवून बघता यावा. सिक्युरिटीतल्या पहिल्या नोकरीत अलर्टचा ढीग उपसावा लागतो. त्यातले बरेच निरुपद्रवी निघतात आणि तरीही प्रत्येकाची नोंद करावी लागते. एवढं ऐकलं की बहुतेकांना आपला कल कळतो. निदान काय नको ते तरी नक्की कळतं.

परीक्षेचं नाव त्यानंतर काढा. आयटीचा गंधही नसलेल्याने सपोर्टपासून सुरुवात करायची असेल तर कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस प्रमाणपत्र योग्य. मात्र ही एक परीक्षा नाही, दोन आहेत: कोअर १ आणि कोअर २. प्रत्येकी ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले असावे लागतात. २२०-११०१ पास झालेल्याला दुसरा पेपर २२०-१२०२ देऊन प्रमाणपत्र मिळत नाही. मालिका बदलाच्या काळात प्रवेश देताना हे सांगितलं नाही तर पास झालेला एक पेपर वाया जातो.

नेटवर्कसाठी सिस्को कंपनीचं सीसीएनए, परीक्षा क्रमांक २००-३०१. दोन तासांची परीक्षा, कोणतीही पूर्वअट नाही. पूर्वअट नाही याचा अर्थ सोपी आहे असा नव्हे. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोने सिक्युरिटी, वायरलेस वगैरे वेगवेगळी सीसीएनए बंद करून एकच ठेवलं, त्यामुळे अभ्यासक्रम चांगलाच रुंद झाला. सर्वाधिक भार, २५ टक्के, आयपी कनेक्टिव्हिटीला आहे, म्हणजे डेटाने कोणत्या वाटेने जायचं ते ठरवणं: राउटिंग टेबल वाचता येणं, स्टॅटिक रूट, ओएसपीएफ. ज्याला सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे गट (सबनेट) पाडणं, बोटांवर करता येत नाही तो इथेच अडकतो. रोज दोन तास देणाऱ्या नवख्याला चार ते सहा महिने लागतील असं धरा. ४५ दिवसांत सीसीएनए अशी पाटी लावलीत तर तुमचे चांगले प्रशिक्षकही पाठांतर करून घेण्यावर येतील.

क्लाउडच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त आहे. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० किंवा ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं क्लाउड प्रॅक्टिशनर ही ओळख करून देणारी परीक्षा आहे. शब्दसंग्रह तयार होतो, भीती मोडते. विक्री किंवा हिशेब खात्यातल्या माणसालाही ती उपयोगी पडते. पण तिच्या जोरावर कुणी सर्व्हर हातात देत नाही. कामाच्या जवळ जाणाऱ्या परीक्षा म्हणजे मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ किंवा एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, आणि त्या नेटवर्क व लिनक्सच्या पायाशिवाय नुसत्या घोकाव्या लागतात. सबनेट म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्याला व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं खासगी नेटवर्क, शिकवणं म्हणजे बाराखडी न येणाऱ्याकडून निबंध लिहून घेणं. एकाच बॅचमध्ये तीन कंपन्यांची क्लाउड शिकवायची पद्धतही सोडा. एक नीट आली की दुसरीतली फक्त नावं बदलतात.

सिक्युरिटीकडे ओढा मोठा आहे आणि फसगतही तिथेच होते. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांसाठीच्या प्रमाणपत्राची परीक्षा कुणालाही देता येते, पण पूर्ण प्रमाणपत्रासाठी आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोनमध्ये मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि पदवी वगैरे असल्यास त्यात एका वर्षाची सूट मिळते. नुसता पास झालेला ‘असोसिएट’ म्हणवला जातो. नवख्याला हा कोर्स विकू नका. त्याने नेटवर्क शिकावं, मग कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस द्यावी. टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी फाउंडेशन हे प्रमाणपत्र पुरे: ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास, आणि त्याला मुदत नाही.

मुदतीबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणी बोलत नाही. सिस्को, कॉम्पटिया, एडब्ल्यूएस, लिनक्सवाली रेड हॅट यांची या पत्रातल्या पातळीवरची प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एकच वर्ष, पण नूतनीकरण फुकट असतं. संपण्याच्या सहा महिने आधीपासून घरबसल्या छोटी चाचणी देता येते. ती तारीख चुकली तर मूळ परीक्षा पैसे भरून पुन्हा. शेवटच्या तासाला प्रत्येकाच्या मोबाइलवर ही तारीख लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

परीक्षा जुन्या होऊन बंद पडतात, याकडेही लक्ष ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई प्रमाणपत्राचं नाव एके काळी पाट्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असायचं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये त्या परीक्षा बंद करायचं जाहीर केलं आणि ३१ जानेवारी २०२१ ला त्या थांबल्या. कॉम्पटियाच्या नेटवर्क प्लसची एन१०-००८ आवृत्ती २०२४ च्या अखेरीस गेली, तिच्या जागी एन१०-००९ आली. म्हणून नवी बॅच सुरू करण्याआधी परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या पानावरून त्या परीक्षेची ऑब्जेक्टिव्ह्ज, म्हणजे मुद्द्यांची यादी, काढा, ती छापून प्रत्येकाच्या हातात द्या आणि शिकवून झालेला मुद्दा त्याच कागदावर टिकमार्क करायला लावा. अभ्यासक्रमाचं त्याहून अचूक माप दुसरं नाही, आणि ते फुकट मिळतं.

आता लॅबबद्दल. या पत्रातला आमचा खरा जीव इथे आहे.

तुमच्याकडच्या बहुतेक लॅब सरळ चालणाऱ्या असतात. पायऱ्या दिलेल्या, कमांड दिलेल्या, शेवटी पिंग लागतं, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं, आणि तास संपतो. नोकरीत मात्र माणूस बोलावला जातो तो पिंग लागत नसताना. म्हणून प्रत्येक लॅब जमल्यावर ती मोडा. सोपं उदाहरण घ्या. एका पीसीला १९२.१६८.१०.७० हा पत्ता द्या, मास्क २५५.२५५.२५५.१९२ (म्हणजेच /२६), गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१०.१. शेजारच्या .८० ला पिंग लागतं, बाहेरचं काहीच लागत नाही. विद्यार्थी केबल तपासतो, राउटर रीस्टार्ट करतो. /२६ मध्ये ६४-६४ पत्त्यांचे गट पडतात. .७० हा .६४ ते .१२७ च्या गटात आहे आणि गेटवे बसलाय .० ते .६३ च्या गटात, हे त्याला स्वतःला दिसेपर्यंत थांबा. उत्तर सांगून टाकू नका. वीस मिनिटं डोकं आपटून सापडलेलं सबनेटिंग तो विसरणार नाही.

दुसरं थोडं वरच्या पातळीचं. दोन स्विचमध्ये ट्रंक आहे, म्हणजे अनेक व्हीलॅन (स्विचवर पाडलेली आभासी नेटवर्कं) वाहून नेणारी एकच जोडणी, आणि त्यावरून व्हीलॅन १० आणि २० जातात. आता ३० वाढवायचं आहे. नवखा माणूस ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं टाइप करून एंटर मारतो. ३० सुरू होतं आणि १० व २० त्याच क्षणी बंद पडतात, कारण ‘ॲड’ हा शब्द राहिला आणि जुनी यादी पुसून नवी लिहिली गेली. त्याच ट्रंकवरून तो दुरून लॉगिन झालेला असेल तर त्याचं स्वतःचं सेशनही जातं, आणि कुणाला तरी कन्सोल केबल घेऊन स्विचपाशी धावावं लागतं. ही चूक वर्गात प्रत्येकाकडून एकदा करवून घ्या. मग उपाय शिकवा: बदलाआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलं आहे ना ते बघायचं, ‘रिलोड इन १०’ द्यायचं, बदल करायचा, तपासायचा, सगळं ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’ आणि त्यानंतरच सेव्ह. हात अडकला तर दहा मिनिटांत उपकरण आपणहून जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतं. रीस्टार्टचा तेवढा खंड पडतो, पण मेंटेनन्स विंडो त्यासाठीच असते.

याला महागडं सामान लागत नाही. पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कचा सिम्युलेटर सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या नोंदणीवर फुकट मिळतो आणि सीसीएनएच्या बहुतेक भागाला पुरतो. लिनक्ससाठी १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप असेल तर प्रत्येकी २ जीबीची तीन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक) आरामात चालतात. ८ जीबी असेल तर डेस्कटॉपशिवायची दोन. ती चालवणाऱ्या व्हर्च्युअल बॉक्समध्ये ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. या एका कारणावर पहिला अख्खा दिवस घालवणाऱ्या बॅच असतात, म्हणून हे प्रवेशाच्या दिवशीच तपासून घ्या. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन प्रत मिळते, ती एका कोर्सला पुरून उरते.

लिनक्स शिकवणाऱ्यांसाठी खास विनंती. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर होते, ३०० पैकी २१० गुण लागतात आणि केलेली कामं मशीन रीबूट झाल्यावरही टिकलेली असावी लागतात. मुलं पडतात ती बहुतेक इथेच. सर्व्हिस ‘स्टार्ट’ केली, ‘एनेबल’ केली नाही, म्हणजे रीबूटनंतर ती आपोआप सुरू होत नाही. फायरवॉलचा नियम ‘पर्मनंट’ न लिहिता घातला. डिस्क जोडण्याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळखीचं, एक अक्षर चुकलं, आणि रीबूटनंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. तसं झालं की आधीची सगळी बरोबर उत्तरं त्या बंद मशीनमध्येच अडकतात. एफएसटॅबला हात लावला की लगेच ‘माउंट -ए’ चालवून बघायची सवय लावा, आणि प्रत्येक लॅबचा शेवट रीबूटने करा. रीबूट झाल्याशिवाय लॅब झाली असं म्हणू नका. शिवाय एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा अडवतेय म्हणून ‘सेटएन्फोर्स ०’ने ती ढिली करून मोकळं होणं वर्गात तरी चालवून घेऊ नका. फाइलचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे तिचं सुरक्षेचं लेबल, ‘सीमॅनेज’ने नोंदवून ‘रिस्टोअरकॉन’ चालवायला फार तर दोन मिनिटं लागतात.

क्लाउडची लॅब सुरू करताना पहिला तास खात्याच्या सुरक्षेला द्या. रूट खात्याला दुहेरी पडताळणी, रोजच्या कामाला वेगळा युजर, आणि खर्चाचा अलर्ट. हा अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही, आणि बिलाचे आकडे काही तास मागे असतात, हेही स्पष्ट सांगा. मशीन ‘स्टॉप’ केलं की मीटर थांबला, असं मुलांना वाटतं. डिस्कचे पैसे चालूच राहतात, नॅट गेटवे आणि लोड बॅलन्सर तासावर आकारले जातात. लॅबच्या शेवटी काय काय डिलीट करायचं त्याची यादी लॅबच्या कागदावरच छापा. आणि ॲक्सेस की, म्हणजे क्लाउड खात्यात शिरायची किल्ली, कोडमध्ये लिहून ती कोड ठेवायच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली की ती हुडकणारे बॉट मिनिटांत पोचतात. अशी की कोडमधून पुसून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या आधीच्या नोंदीत, ती राहतेच. ती रद्द करावी लागते.

डम्पबद्दल, म्हणजे खऱ्या परीक्षेतून चोरून जमवलेल्या प्रश्नोत्तरांबद्दल, स्पष्ट लिहितो, कारण काही संस्थांत ते शेवटच्या आठवड्यात पेनड्राइव्हवरून वाटले जातात. परीक्षेआधी उमेदवार ज्या करारावर होकार देतो त्यात हे निषिद्ध आहे. पकडला गेला तर निकाल रद्द होतो, मिळालेलं प्रमाणपत्र काढून घेतलं जातं, पुढे परीक्षा देण्यावर बंदी येऊ शकते, आणि हे सगळं त्या मुलाच्या नावावर लागतं, तुमच्या नाही. त्यात डम्पमधली बरीच उत्तरं चुकीची असतात. मुलाखतीत हे दोन मिनिटांत उघडं पडतं. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ आणि फाइलींचा आकार मोजणारी डीयू या लिनक्सच्या कमांडबद्दल आम्ही विचारतो: ‘डीएफ डिस्क भरलेली दाखवतंय, डीयूची बेरीज मात्र निम्मीच येते, का?’ ज्याने स्वतः लॉग फाइल पुसून पाहिली आहे तो सांगतो, की फाइल गेली पण एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरून ठेवली असणार, उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफने बघतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो. डम्पवाल्याला प्रश्नच कळत नाही. तो हुशार असतो, मेहनती असतो, आणि तरी आम्हाला त्याला परत पाठवावं लागतं. ते आम्हाला मनापासून लागतं.

परीक्षेच्या दिवसाच्या बारीक गोष्टीही मुलांना माहीत नसतात. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. नाही जुळलं तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि भरलेले पैसे बुडू शकतात. घरून देणार असतील तर त्याच मशीनवर, त्याच इंटरनेटवर सिस्टिम टेस्ट आधीच करून घ्यावी. ऑफिसच्या लॅपटॉपवरून देऊ नये, त्यातली सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेचं ॲप अडवतात. सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. कॉम्पटियात जाता येतं, आणि तिथे करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. ते खूण करून सोडावेत, बाकीचे संपवून परत यावं. सिक्युरिटी प्लसचे ७५० गुण म्हणजे ७५ टक्के नव्हेत, ती १०० ते ९०० ची मोजपट्टी आहे. नापास झाल्यावर सिस्कोला पाच दिवस थांबावं लागतं, एडब्ल्यूएसला चौदा, मायक्रोसॉफ्टला पहिल्या वेळी २४ तास. हे तास-दिवस धरूनच व्हाउचरच्या, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या परीक्षेच्या कूपनच्या, मुदतीचा हिशेब करा. व्हाउचर संपायच्या आदल्या दिवशी परीक्षा ठेवली तर तारीख पुढे ढकलायलाही जागा उरत नाही.

आणि प्लेसमेंटची हमी. प्रमाणपत्राने मुलाखतीचं बोलावणं येतं, कधीकधी तेही येत नाही. त्यापुढचं मुलाच्या हातात काय आहे त्यावर ठरतं. त्याला ‘१०० टक्के नोकरी’ लिहून देण्यापेक्षा कोर्स संपताना त्याच्याकडे पाच लॅबचं लिखाण असेल असं बघा. प्रत्येकी एक पान: मांडणीचं चित्र, काय बिघडलं, कशावरून कळलं, काय केलं, पुन्हा कसं तपासलं. साध्या मराठीत सुचलेलं त्याने साध्या इंग्रजीत लिहावं, व्याकरण चुकलं तरी चालेल. तिकीट लिहिण्याची सवय त्यातूनच लागते. असं एक पान समोर ठेवणाऱ्या उमेदवाराशी आमचं बोलणं वेगळंच होतं. त्याने लिहिलेल्या बिघाडावरच अर्धा तास जातो.

पुढच्या बॅचचं माहितीपत्रक छापायला टाकाल तेव्हा त्यात परीक्षेचा पूर्ण क्रमांक आणि ती बंद होण्याची जाहीर झालेली तारीख छापा. लॅबचे तास थिअरीपासून वेगळे करून लिहा. ते निम्म्याहून कमी असतील तर वाढवा. फीमध्ये व्हाउचर आहे का, त्याची मुदत किती, आणि दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे कुणी भरायचे, हे पैसे घेण्याआधी लिहून द्या. आणि प्रवेशाआधी एक पूर्ण दिवस, फुकट, त्या माणसाला चालू बॅचच्या लॅबमध्ये शेवटच्या बाकावर बसू द्या. संध्याकाळी त्याला पुन्हा टेबलापाशी बोलवा आणि मग विचारा, की कोणता कोर्स करायचा आहे.

आपले,
नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड आणि सपोर्टच्या कामातले सहकारी